तीन घरांतली चावी

कृषी सहायक म्हणून माझी कारंजा लाडला नेमणूक झाली आणि खोली शोधत मी एका घरासमोर उभी राहिले. घरमालकीण सत्तरीच्या आसपासच्या, ताठ पाठीच्या, घट्ट अंबाड्याच्या. भाडेकरूला जे विचारायची रीत आहे त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. गाव कोणतं, लग्न झालंय का, पाहुणे फार येतात का, काही नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमचा पासवर्ड काय?”

“कशाचा?”

“कशाचाबी सांगा.”

“तुम्हाला कशाला सांगू?”

“जिना मांगून हाय,” त्या म्हणाल्या. “खोली तुमची.”

माझ्या आधी दोघं येऊन गेले होते असं नंतर कळलं. दोघांनीही पासवर्ड सांगितला होता. एकाने तर बायकोचाही सांगितला होता आणि वर ‘दोघांचा एकच आहे’ अशी माहिती दिली होती. त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही.

गाव त्यांना टेलिफोनबाई म्हणायचं. मी नुसतं बाई म्हणायचे. गावात हाताने जोडायचं टेलिफोन एक्स्चेंज होतं त्या काळी बाई बारा वर्षं बोर्डावर बसल्या होत्या. तुम्ही फोन उचलायचा, बाईंनी “नंबर?” विचारायचं, तुम्ही सांगायचा आणि बाईंनी इकडची वायर तिकडच्या भोकात खुपसायची. पुढे आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड भंगारात गेला आणि चाळिशी उलटलेल्या बाईंना खात्याने कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. बरोबरीच्या लोकांनी हा छळ समजून आजारपणाच्या रजा टाकल्या. बाई शिकून आल्या, आणि मग निवृत्त होईपर्यंत ऑफिसात कुणाचंही यंत्र अडलं की त्यांनाच हाक जायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती, कारण गावातल्या प्रत्येकाचं काही ना काही बाईंना माहीत होतं.

बोर्ड गेला तरी बोर्डाच्या सवयी गेल्या नव्हत्या. फोन वाजला की बाई हॅलो म्हणायच्या नाहीत, “कारंजा, बोला” म्हणायच्या. पलीकडचा माणूस कारंज्यातलाच असला तरीही. जुन्या लोकांना त्या नावाने नाही, नंबराने ओळखायच्या. “सतरा नंबर लय थकला वं आता.” “बेचाळीसच्या घरी नातू झाला.” सतरा नंबर म्हणजे एक कापडवाले शेटजी होते, आणि आपला नंबर कधीकाळी सतरा होता हे शेटजी स्वतः विसरून गेले होते.

त्या काळी परगावचा फोन तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने मिळायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची. बाई अजून विचारायच्या. ओसरीवर कुणी बोलत बसलं की घड्याळाकडे न बघता बरोबर तिसऱ्या मिनिटाला म्हणायच्या, “तीन मिनिटं झाले. वाढवायचे काय?” नवखा माणूस गडबडून चपला शोधायचा. पहिल्या आठवड्यात मी तीनदा उठून गेले. मग समजलं की ‘वाढवा’ म्हटलं की बाई चहा टाकतात.

मी सांगली बाजूची. वऱ्हाडी बोली ऐकायला सुरुवातीला गंमत वाटायची, पण बाईंचं बोलणं समजायला अडचण भाषेची नव्हतीच. एकदा मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर हात उंच करून उभी होते. रेंज तिथेच यायची.

“कायची वाट पाहून राह्यली?” खालून बाईंचा आवाज.

“ओटीपीची.”

“म्हंजे पीपीच ना वं!”

मग मला खाली बोलावून त्यांनी समजावलं. ज्यांच्या घरी फोन नसायचा ते लोक शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचे. निरोप शेजारी यायचा, मग शेजारून कुणीतरी हाक मारायला यायचं. “आन शेजारच्या घरात तुह्या निरोपाची चर्चा तू पोचायच्या आंधीच व्हये. तुह्या घरात शिरायची परवानगी दुसऱ्याच्या फोनवरून येते, हे काय चांगलं हाय काय?”

पासवर्डबद्दल त्यांचं मत आणखी वाईट होतं. “दारात उभं राहून आपलं गुपित वरडून सांगायचं, आन मंग आत जायचं. जो ऐकन तोबी जाईन.”

“मग करायचं काय?”

“पासकी. कुलूप त्यायच्याकडं, चावी आपल्याकडं. थे कुलूप पुढं करतात, आपून उघडून दाखवतो. चावी त्यायच्या हातात देत नाई.”

इतकं मलाही ठाऊक होतं. मी ऐटीत म्हणाले, “मग ते सोपंच आहे की. फोनची कंपनीच ठेवते त्या चाव्या सांभाळून. नवा फोन घेतला की आपोआप येतात. सगळे तसंच करतात.”

बाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, आता खरं बोलणं सुरू.

“मधात बसणाराले सारं ऐकू येते, पोरी. म्या बारा वर्स ऐकलं. ऐकायचं नाई असा नियम होता खात्याचा. कान काय नियम वाचते?”

तिथून पुढे बाईंनी माझं शिक्षण हाती घेतलं. त्यांच्या लॅपटॉपवर एक फुकट मिळणारा प्रोग्राम होता. त्यात त्यांच्या सगळ्या खात्यांच्या पासकी एका फाईलमध्ये ठेवलेल्या. त्या फाईलला बाई पेटी म्हणायच्या. पेटी एका लांबलचक वाक्यानेच उघडायची, आणि ते वाक्य बाईंच्या डोक्याबाहेर कुठेही नव्हतं. माझीही तशीच पेटी त्यांनी करून घेतली. वाक्य मी टाइप करत असताना बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नुसते बटणांचे आवाज मोजत होत्या. मी हात थांबवल्यावर म्हणाल्या, “बावीस. वाढव अजून.” पस्तीसला त्यांचं समाधान झालं.

मग पेटी हरवली तर काय, हा प्रश्न आलाच. बाईंना बॅकअप हा शब्द आवडत नसे. त्या इरजन म्हणायच्या, आपण विरजण म्हणतो तेच.

“घरचं दही नासलं तं काय करते? समोरून इरजन आनते. तिच्याकडं कुठून आलं? आपूनच देल्लं होतं मांगच्या म्हयन्यात. एकाच घरात इरजन ठेवणारी बाई एक दिवस ताकाले मोताद होते.”

“पण दुसऱ्याच्या घरी आपली चावी ठेवायची?”

“पेटी ठेवायची. पेटीले कुलूप हाय. साऱ्या कारंज्यात वाटली तरी वाक्याबिगर उघडत नाई.”

तर माझी पेटी तीन घरांत राहिली. एक माझ्या लॅपटॉपवर. दुसरी पेनड्राइव्हमध्ये घालून समोरच्या शिलाईवाल्या ताईंकडे. तिसरी बाईंच्या धाकट्या बहिणीकडे, अनसिंगला. बाईंच्या स्वतःच्या पेटीची इरजनंही याच दोन घरी. मी आपलं साधं विचारलं, माझी एक प्रत तुमच्याच कपाटात का नको? त्यावर, “एकाच छपराखाली दोन कापी म्हंजे एकच कापी,” असं उत्तर मिळालं. वरच्या मजल्यावर राहते म्हणजे वेगळं घर, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

विरजण जुनं झालं की आंबतं, तशी प्रतही जुनी ठेवून चालत नाही. दर दोन महिन्यांनी बाई फेरी काढायच्या. जाडसर कागदाचे तुकडे कापून त्यावर पूर्वीच्या ट्रंक कॉलच्या तिकिटासारखे रकाने आखायच्या. कुठून, कुठे, वेळ आणि शेवटी ‘पूर्ण’. प्रत नवी करून झाली की ‘पूर्ण’ लिहून ते तिकीट पेनड्राइव्हसोबत ठेवायचं. अनसिंगच्या फेरीला मीही एकदोनदा गेले. बहीण बाईंपेक्षा पाच वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, हसरी. मी तिला मावशी म्हणू लागले. पेनड्राइव्हचं काम दोन मिनिटांचं आणि बहिणींच्या गप्पा चार तासांच्या. तिथे मात्र बाईंना तीन मिनिटं आठवायची नाहीत.

मग ते जिलबीचं प्रकरण झालं.

मावशीच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी अनसिंगला जेवण ठेवलं होतं. बाईंबरोबर मीही गेले होते. सगळे मावशीच्या संसाराचे गोडवे गात होते. मावशीचे यजमान, मोठे सज्जन गृहस्थ, लाजत लाजत म्हणाले, “म्या तं पाहताबरोबर पसंत केल्ती हिले.” टाळ्या पडल्या. बाईंनी हातातली जिलबीची प्लेट खाली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पह्यले तं माह्यासाठीच इचारलं होतं यायनं. म्या सोता ऐकलं बोर्डावर.”

मंडळी पोट धरधरून हसली. यजमानांचे कान लाल झाले. मावशी हसली नाही.

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यानंतर मावशीने त्यांचा फोन उचलला नाही. पुढची फेरी झाली नाही, त्याच्या पुढचीही नाही. कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, “लाईन बिझी हाय.” आठ महिने लाईन बिझी राहिली.

आता माझी कर्मकहाणी. बाईंच्या शिकवणीत मी भलतीच पुढे गेले होते. मेलचा पासवर्ड काढून टाकला, पासकीच ठेवली. मोबाइल नंबरही काढला, कारण तो पीपी. एसटीत फोन मारला गेला तर, म्हणून फोनवरून मेल बंद केला. सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे. न सांगता केलेली गोष्ट एकच. दसऱ्याच्या आठ दिवस आधी लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून मी तो एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी हसतमुखाने हातात ठेवला. “मॅडम, एकदम कोरा करून देल्ला.”

खरंच कोरा केला होता. पेटीसकट. मी बाईंना काही बोलले नाही. दोन घरी इरजन आहे, घेऊ आणून सवडीने, म्हणून आठ दिवस घालवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मैत्रिणीचा फोन आला. कृषी विद्यापीठात पीएच.डी.साठी मी अर्ज केला होता. तिसऱ्यांदा. यादी लागली होती आणि यादीत माझं नाव होतं. मेलवर लिंक आली आहे, आज संध्याकाळी पाचच्या आत जागा पक्की करायची, नाहीतर ती पुढच्या नावाला जाणार. खात्याने अभ्यासाची रजा मंजूर केली होती ती याच वर्षापुरती. म्हणजे ही जागा गेली की विषय कायमचा संपला. विद्यापीठात फोन लावून पाहिला. ‘मेलमधल्या लिंकवरूनच करा’ एवढंच उत्तर.

मी समोर शिलाईवाल्या ताईंकडे धावले. ताईंनी मोठ्या कौतुकाने देवघरातून एक ताम्हन आणलं. त्यात कात्री, टेप, मशीनच्या सुया, घराच्या किल्ल्या आणि मधोमध आमची पेनड्राइव्ह. हळद-कुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल आणि तोंडाचा पत्रा लखलख चमकणारा.

“पूजेत ठेवलीत?” मी विचारलं.

“अव, अशीच कशी ठेवीन? आंधी चिंचेनं घासली. मंग धुतली, उन्हात वायवली आन गोडं तेल सोडलं.”

“तेल?”

“बाईच म्हणल्या होत्या, चावी हाय म्हून. चाव्या-कुलपं दसऱ्याले घासून तेल नाई सोडत काय तुमच्याकडं? जंग चढते.”

त्यांचं काय चुकलं? चावी म्हटल्यावर त्यांनी चावीचंच केलं, आणि मनापासून केलं. मी ती घेऊन बाईंकडे आले. बाईंनी स्पिरिटने पुसून, कापसाने कोरडी करून पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपने तिला ओळख दिली नाही. चार वेळा लावली. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि मला माझा लॅपटॉप कोरा झाल्याचं सांगावं लागलं. मला वाटलं आता वीज पडणार. बाई नुसतं म्हणाल्या, “अनसिंगची कापी जिलबीच्या आंधीची. मेलची चावी तिच्यात हाय.”

त्यांचा फोन मावशी उचलत नव्हती, म्हणून माझ्या फोनवरून लावला, स्पीकर चालू करून. सगळं ऐकून मावशी हळहळली. मी म्हणाले, “गावातल्या सेतू केंद्रात ती पेनड्राइव्ह न्या मावशी, आणि ती फाईल मला व्हॉट्सअपवर पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे.”

“मले नाई जमत बाप्पा थे पाठवा-बिठवायचं,” मावशी म्हणाली. “जिनं देल्लं तिनं घेऊन जावं.” आणि फोन ठेवला.

बाई आत गेल्या. माझ्या पीएच.डी.साठी या बाईने आपला ताठा का सोडावा? पाच मिनिटांनी त्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून बाहेर आल्या. “साडेआठची वाशीम गाडी हाय. लॅपटॉप घे.”

गाडीने मंगरूळपीर मागे टाकल्यावर मी म्हणाले, “बाई, चूक माझी आहे. लॅपटॉप मी दिला.”

“तुही तं हायच,” त्या म्हणाल्या. “तुहीबी हाय आन माहीबी हाय.” वाशीमच्या स्टँडवर उतरलो. तिथे अनसिंगची गाडी मिळायला तासभर गेला.

अनसिंगला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सोयाबीनची सोंगणी चालू असल्यामुळे घरचे सगळे शेतात. मावशी एकटी ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. ती उठली नाही. “ये वं पोरी,” हे फक्त मला. आतून पाण्याचे दोन गिलास आणले. एक माझ्या हातात दिला, दुसरा बाईंच्या बाजूला जमिनीवर ठेवला.

“इचार तिले,” मावशी मला म्हणाली, “चहात साखर चालते काय अजून.”

“सांग तिले, चालते,” बाई मला म्हणाल्या.

दोघींमध्ये दोन हातांचं अंतर होतं आणि मी मध्ये बसून निरोप पोचवत होते. एरवी मी खूप हसले असते. मनगटावरचं घड्याळ एकच्या पुढे सरकत होतं.

“इचार तिले,” मावशीने हातातल्या शेंगा सुपात टाकल्या, “म्या तिचं काय वाकडं केल्तं. चाळीस वर्स पोटात ठेवलं ना? मंग अजून दहा नाई ठेवता आलं? चाळीस वर्स मले वाटे, यायनं मले पाहून पसंत केलं. आता कुकर लावतानाबी मनात येते, का मी दुसरा नंबर हाय.”

हा निरोप मी पोचवला नाही. पोचवायची गरज नव्हती.

“सांग तिले,” बाई म्हणाल्या. चष्मा काढला. मग माझ्यावरून नजर काढून बहिणीकडे पाहत म्हणाल्या, “त्या फोनवर अजून होतं. थे म्या कोनाले सांगतलं नाई.”

“काय?”

“तुह्या सासऱ्यानं कारंज्याच्या त्यायच्या सोयऱ्याले मोठीचंच इचारलं, कशी हाय म्हून. तं सोयरा म्हणे, मोठी बोर्डावर बसून साऱ्या गावच्या मानसायशी बोलते. थे घरात टिकनार नाई. धाकटी करा डोये झाकून, सोन्यासारखी हाय.”

मावशीचे हात थांबले. “आन तू?”

“मी काय करीन? लाईन चालू ठेवली. तीन मिनिटं झाले तवा इचारलं, वाढवायचे काय. तुहा सासरा म्हणे, वाढवा.”

मला बाईंची इतकी माया आली की मेल, लिंक, पाच वाजता सगळं डोक्यातून गेलं. तिशीतली एक बाई, कानाला हेडफोन, आणि तिलाच नको म्हणणारा फोन ती नीट जोडून देते आहे, मध्ये तुटू देत नाही.

“तुले नको म्हणले, थे तूनच जोडून देल्लं,” मावशी हळू म्हणाली.

“हाव.”

“आन हे सांगाचं सोडून थे सांगतलं. जिलबी खाता खाता.”

“हाव. सारे तुह्यंच कौतुक करून राह्यले होते. मले लागलं. मोठेपना करायले गेली.” बाईंनी जमिनीवरचा पाण्याचा गिलास उचलला. “चुकली मी.”

मावशी उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, संपलं. मग भांड्यांचा आवाज झाला आणि ती एक स्टीलचा डबा घेऊन बाहेर आली. डब्यात तांदूळ, तांदळात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पेनड्राइव्ह आणि बाईंचं ‘पूर्ण’ लिहिलेलं तिकीट.

“कोरडं ठेवजो म्हणे ना तू,” ती बाईंना म्हणाली. “ठेवलं.”

मी ओट्यावरच लॅपटॉप उघडला. फोनचं इंटरनेट जोडलं, प्रोग्राम उतरवून घेतला, पेनड्राइव्ह लावली. पेटीने वाक्य मागितलं. बाईंनी रीतसर पाठ फिरवली. मावशी उत्सुकतेने वाकली तर बाईंनी तिला खांद्याला धरून फिरवलं. “पाहू नको वं.” पासष्टी-सत्तरीच्या दोघी बहिणी भिंतीकडे तोंड करून उभ्या, आणि घाईत माझं वाक्य दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पेटी उघडली. मेलची चावी जिथल्या तिथे होती. मेल उघडला, लिंक उघडली, ‘मला ही जागा मान्य आहे’ यावर बोट दाबलं. दोनला दहा मिनिटं कमी होती.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

“नापास झाली काय वं ही?” मावशीने बाईंना विचारलं.

“पास झाली म्हूनच रडून राह्यली,” बाई म्हणाल्या आणि पदराने स्वतःचा चष्मा पुसू लागल्या.

मग पोळ्या झाल्या, ठेचा झाला, झुणका झाला. जेवता जेवता मावशीचा फोन वाजला. तिच्या भजनी मंडळातल्या कुणीतरी कार्यक्रमाची यादी मागितली होती. “थांब, पीडीएफ टाकते,” म्हणून मावशीने डाव्या हाताच्या अंगठ्याने चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि यादी गेलीसुद्धा. मी घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक पोळी टाकली.

निघायच्या आधी बाईंनी पेनड्राइव्हवर माझ्या पेटीची आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर बरोबर आणलेल्या आपल्या पेटीची नवी प्रत केली, पर्समधून कोरं तिकीट काढलं, रकाने भरले. मावशी शेजारी बसून बघत होती.

“हे जुनं झालं म्हंजे नवं करा लागते ना?” तिने विचारलं. “मंग थे फोनवर नाई पाठवता येत काय?”

साऱ्या कारंज्यात वाटली तरी पेटी उघडत नाही, हे मला शंभर वेळा बजावणाऱ्या बाईंनी चष्मा नीट बसवला.

“नाई,” त्या म्हणाल्या. “फोनवर नाई जमत. येऊनच करा लागते. दर म्हयन्याले.”

“दर म्हयन्याले?”

“हाव. नाई तं खराब होते.”

मावशी माझ्याकडे वळली. “खरं हाय काय वं?”

“हो मावशी,” मी म्हणाले. “दुसरा इलाजच नाही.”